हलत्या शाळेतली विसावी जागा

करंजघळच्या शाळेचं सरकारी कागदावरचं नाव ‘विद्यार्थिकेंद्री परिवर्तनशील शालेय वास्तू’ असं होतं. गावात तिला हलती शाळा म्हणत. गावकऱ्यांनी नावातलं संस्कृत तेवढं काढलं होतं, अर्थाला हात लावला नव्हता.

जोतिराम खुस्पे गुरुजी तिथले मुख्याध्यापक. ज्यांचे ते मुख्य होते ते अध्यापकही तेच होते. दुसऱ्या गुरुजींची बदली झाल्यापासून ती जागा भरण्याची कार्यवाही सुरू होती, आणि चांगली सुरू असलेली कार्यवाही मधेच संपवणं वरच्या कोणाच्या जिवावर येत होतं. पंचवीस वर्षं गुरुजींनी जुन्या, चार भिंतींच्या शाळेत शिकवलं. त्या भिंतींवर सुविचार होते, पाढे होते आणि पावसाळ्यात ओल होती. भिंती हलत नसत, मुलंही हलत नसत, हललीच तर छडी हले. २०४१ साली ती शाळा पाडून ही उभी राहिली, आणि मुलांनी हलायचं असतं हे गुरुजींना पन्नाशीला टेकल्यावर कळलं.

नव्या शाळेत वर्गखोल्या नव्हत्या. एकच ऐसपैस दालन आणि छताला रूळ. रुळांवरून तांदळाच्या तुसापासून केलेल्या हलक्या भिंती सरकायच्या. त्या भिंतींच्या पोटात असा एक पदार्थ भरलेला होता, की ऊब दिली की तो मऊ होई आणि गार झाला की घेतलेला आकार धरून बसे. त्यामुळे भिंतीतून बाक निघे, लिहायला फळी निघे, एखाद्या बुजऱ्या पोरासाठी कोनाडा निघे, आणि गरज सरली की परत भिंतीत जिरून जाई. फरशीखाली बारीक स्फटिक पसरलेले होते. त्यांच्यावर दाब पडला की चिमूटभर वीज तयार होते. ती मोजून कोण कुठे उभं आहे, त्याचं वजन किती, ते चालतं कसं, हे इमारतीला समजे. प्रत्येकाची चाल सहीसारखी निराळी असते. आठवडाभरात इमारत पोरांना पायांवरून ओळखू लागली. कोणाला खिडकीपाशी वाचायला जमतं, कोणती दोघं शेजारी बसली की गणित होतं आणि कोणती दोघं बसली की मारामारी होते, हे गुरुजींना कळेपर्यंत मूल चौथी पास होऊन निघून जायचं. इमारतीला ते पंधरवड्यात कळलं.

या सगळ्याच्या मुळाशी एक नियम होता. यशोधरा गोडखिंडी नावाच्या पुण्याच्या वास्तुरचनाकार बाईंनी ही इमारत आखली होती, आणि उद्घाटनाच्या भाषणात त्यांनी तो सांगितला होता. मूल कधी चुकत नाही, मूल बसत नसेल तर जागा चुकलेली असते. इमारतीच्या डोक्यात हे वाक्य त्यांनी पक्कं बसवलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींनीही वाजवल्या. एखाद्या वाक्यातून पुढे काय काय निघणार आहे, याचा विचार टाळ्या वाजवताना करायची पद्धत नाही.

शाळेचा पट वीस होता. त्यापेक्षा एकानंही उतरला, तर शाळा मिटवून मुलं चौदा किलोमीटरवरच्या समूह शाळेत धाडायची, असा आदेश होता. म्हणजे घाटाची वाट आणि दिवसातून एक बस. गुरुजी दर महिन्याच्या पाच तारखेला पट कळवत आणि सहा तारखेला मोकळा श्वास घेत.

नव्या शाळेच्या दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत, वरच्या धनगर वस्तीवरची ऋतुजा झोरे आईबरोबर गवत कापायला गेली होती. तिथे साप चावून ती वारली. दुसरीत होती, सात वर्षांची. तिची आई शेवंता शाळेत खिचडी शिजवायची. धाकटी तनू तेव्हा चार वर्षांची होती आणि बहिणीच्या पाठुंगळी बसून शाळेत यायची.

गुरुजी मातीला गेले. तीन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. सुट्टी संपल्यावर त्यांनी पट उघडला आणि त्या नावावर बोट ठेवलं. नाव काढलं की एकोणीस. मुंबईला गेलेलं एक कुटुंब नाताळानंतर परत येणार होतं, त्यांची मुलगी पहिलीला बसणार होती. तेवढा एक महिना निघाला पाहिजे होता. पुढच्या महिन्यात कमी करू, असं गुरुजींनी ठरवलं. ते कुटुंब आलं नाही. पुढचा महिना मात्र दर महिन्याला नेमानं येत राहिला. दर जूनला चौथी होऊन जितकी मुलं जात, तितकीच पहिलीला येत, त्यामुळे खरा आकडा एकोणीसवरच राहिला.

हजेरी इमारतच घ्यायची, पण तिच्यात एक ‘शिक्षक-नोंद’ होती. धाकटं भावंड पाठीवर घेऊन आलेलं मूल फरशीला एकच जड मूल वाटायचं, म्हणून गुरुजींनीच पहिल्या वर्षी तक्रार करून ती सोय करून घेतली होती. फरशीला न कळलेलं मूल गुरुजींनी हातानं हजर दाखवायचं. त्या सोयीतून ऋतुजा रोज सकाळी हजर होऊ लागली. ग्रामपंचायतीच्या दप्तरी ती वारली होती, शाळेच्या दप्तरी ती शिकत होती. दोन दप्तरांची गाठ पडायची सोय त्या काळीही झालेली नव्हती.

दप्तरं फसतात ती मुकाट्यानं. ही इमारत मात्र विचार करणारी होती. मूल हजर आहे असं शिक्षक म्हणतात आणि फरशीला ते लागत नाही, याचा अर्थ तिनं तिच्या नियमाप्रमाणे काढला. मूल चुकत नाही, तेव्हा जागाच चुकली असणार. ती ऋतुजाला शोधू लागली.

पुढच्या पावसाळ्याच्या आत पूर्वेच्या खिडकीखाली एक कोनाडा तयार झाला. सात वर्षांच्या मुलीच्या मापाचा. कोणी बसेना, तेव्हा इमारतीनं त्याच्या कडा गोल केल्या. तरी कोणी बसेना, तेव्हा तिथला आवाज कमी व्हावा म्हणून दोन भिंती आणून आडव्या लावल्या. मग उजेड मऊ केला. बैठकीला सकाळची ऊब ठेवली. मुलींच्या वाढीचा तक्ता तिच्याजवळ होताच. त्या तक्त्याप्रमाणे दर तिमाहीला बैठक वर चढू लागली, एकदा दीड सेंटिमीटर, एकदा एक. कोनाड्यातली कोणी न पाहिलेली मुलगी मोठी होत होती.

पोरांनी यातलं काही विचारलं नाही. पोरं मोठ्यांपेक्षा समजूतदार असतात, म्हणून तर त्यांना शाळेत घालतात. ती तिथून जाताना आवाज खाली आणत. खेळताना चेंडू त्या बाजूला गेला तर हळूच जाऊन आणत, आणि आणताना ‘ऋतू, बाजूला हो गं’ असं म्हणत. गुरुजींनी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा त्यांच्या हातातला खडू खाली पडला. दुसऱ्यांदा पडला नाही. त्याचंच त्यांना जास्त भय वाटलं.

शेवंताला हे कोणी सांगितलं नाही, तिचं तिलाच दिसलं. ती चूल आवरून खिडकीखाली येऊन बसू लागली. कोनाड्याची उंची स्वतःच्या खांद्याशी लावून बघायची आणि समाधानानं मान हलवायची. घरी वर्षश्राद्धाचा विषय निघाला तेव्हा तिनं तो उडवून लावला. वस्तीवरच्या बायांना ती सांगायची की मोठी शाळेत असते. हे ऐकून बाया विषय बदलत. तनू आता पहिलीत होती. तिची वेणी आठवड्यातून एखाद्या दिवशी घातलेली असायची.

ऋतुजा गेल्याला दोन वर्षं होत आली तेव्हा गुरुजी पाच दिवस तापानं पडले. उठून शाळेत आले तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की पाच दिवस आपण शिक्षक-नोंद केलेली नाही आणि ऋतुजा पाचही दिवस हजर आहे.

त्यांनी त्याच दिवशी पुण्याला कळवलं. खरं कारण लिहायला हात धजेना, म्हणून ‘पूर्वेकडील एक कोनाडा मिटत नाही’ असं लिहिलं. यशोधराबाई स्वतः आल्या. आपल्या इमारतीबद्दल तक्रार म्हणजे आपल्या लेकराबद्दल तक्रार, अशा चेहऱ्यानं त्यांनी अर्धा दिवस नोंदी चाळल्या. शेवटी गुरुजींना त्यांनी समोर बसवलं आणि विसावं मूल कुठे आहे असं विचारलं. गुरुजींनी सगळं सांगून टाकलं.

बाई रागावल्या नाहीत. त्या उठून पूर्वेच्या खिडकीखाली गेल्या.

“गुरुजी, तोलताना नेहमी थोडं उरतं. कोणी भिंतीला टेकतं, कोणी एका पायावर उभं राहतं, की शंभर-दोनशे ग्रॅम कशातच बसत नाहीत. आम्ही ते टाकून देतो. तुम्ही या इमारतीला सांगितलंत की विसावं मूल इथेच आहे. मग तिनं टाकून द्यायचं थांबवलं. एकोणीस पोरांचं उरलंसुरलं ती दोन वर्षं गोळा करत आली.”

“मग?”

“चोवीस किलो भरलं. चालही आहे. डावा पाय जरा जपून टाकते.”

ऋतुजा डावा पाय जपूनच टाकायची. गुरुजींनी ते बाईंना सांगितलं नव्हतं.

“म्हणजे ती आहे का नाही, मॅडम?”

“इमारतीपुरती आहे,” यशोधराबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि घालायचा विसरून तसाच हातात ठेवला. “यातली बरीच पोरं सोबत खेळली होती तिच्या. त्यांच्या चालीत तिचं काही आलं असेल. मला खात्रीनं नाही सांगता येणार.”

इमारतीची सगळी आठवण पुसून टाकता येईल का, हा गुरुजींचा पुढचा प्रश्न होता. बाई म्हणाल्या की येईल, पण पटावर नाव आहे तोवर इमारत दुसऱ्या दिवसापासून पुन्हा शोधायला लागेल. आधी नाव काढायला हवं. आणि रोज हजर असलेल्या मुलाचं नाव शिक्षकाला एकट्यानं काढता येत नाही. मुलांची गळती थांबवण्यासाठी तसा बंदोबस्त केलेला होता. त्याला पालकाचा अंगठा लागतो.

बाई गेल्या. गुरुजी आठ दिवस अंगठ्याचा विषय तोंडाशी आणत आणि परत गिळत. नाव निघालं की शाळा जाणार, हे त्यांना दिसत होतं. पण त्या आठ दिवसांत त्यांना शाळा जाण्याची भीती वाटेनाशी झाली होती. शेवंता खिडकीकडे बघत डाळ घोटायची, आणि तनू तिच्या पाठीमागे उभी राहून तिच्या पदराचं टोक स्वतःच्या बोटाला गुंडाळायची. पदर ओढला गेला की शेवंता न बघताच तो सोडवून घ्यायची. हे आपण केलं आहे, हे गुरुजींना दर वेळी नव्यानं कळायचं.

नवव्या दिवशी, मधल्या सुट्टीच्या जरा आधी, तनू कोनाड्यात जाऊन बसली. इमारत कोणाला दुखवत नसे. तिनं बैठक कोमट केली, मऊ केली आणि एका बाजूनं उतरती केली. तनू हळूहळू घसरत फरशीवर आली. कोठीच्या दाराजवळ, जिथे उजेड येत नव्हता, तिथे इमारतीनं तिच्या मापाचा एक बाक काढून दिला. पोरगी पुन्हा जाऊन कोनाड्यात बसली. पुन्हा खाली आली. तिसऱ्या वेळी शेवंता हातात पळी घेऊन दारात उभी होती.

“ताईची जागा हाय ती. किती येळा सांगू तुला?”

तनू रडली नाही. ती उठून गुरुजींच्या टेबलाशी आली. एखादी बेरीज नीट समजली नाही तर विचारतात, तसं तिनं विचारलं.

“गुरुजी, मी मेले की मला बी खिडकी देतील का?”

चुलीवरच्या खिचडीचा वास दालनात येऊ लागला. ती लागत होती. शेवंता तिकडे गेली नाही. पळी तिनं जमिनीवर ठेवली, येऊन तनूसमोर उकिडवी बसली आणि पोरीच्या तोंडाकडे बघू लागली. दोन वर्षांत आपल्या धाकटीचे पुढचे दोन दात पडून नवे आलेत, हे तिला तेव्हा दिसलं असावं. तिनं बोट घालून ते चाचपून पाहिले.

मग तिनं गुरुजींना विचारलं की नाव काढायला काय करावं लागतं. गुरुजींनी सांगितलं. शाळा बंद होईल, हेही सांगितलं. स्वतःचा अपराध सांगायला त्यांनी तोंड उघडलं तर तिनं हातानंच थांबवलं.

“तुमी रोज तिचं नाव घ्येत हुता,” ती म्हणाली. “वस्तीवर तर कुनी काढत बी नव्हतं. घ्या, कुठं लावायचा त्यो अंगठा.”

गुरुजींनी इमारतीशी जोडलेली हजेरीची पाटी पुढे केली. अंगठा डाळीनं ओला होता, पहिल्यांदा उमटला नाही. तिनं पदराला पुसून पुन्हा लावला. पाटीवर नाव कमी करण्याचं कारण विचारलं गेलं, गुरुजींनी ते भरलं. तारीख विचारली गेली, तीही खरी भरली. इमारतीनं क्षणभर वेळ घेतला. मग खिडकीखालची भिंत कोमट होऊ लागली.

त्या पदार्थाला घेतलेले सगळे आकार लक्षात असतात, आणि मिटताना तो त्यांतूनच उलटा जातो. नऊ वर्षांच्या मुलीचा कोनाडा आठ वर्षांच्या मुलीचा झाला. बैठक सेंटिमीटर-सेंटिमीटरनं खाली आली. मग सात वर्षांची मुलगी त्यात बरोबर मावली असती, असं माप झालं, आणि तिथे भिंत थोडी थबकली, निदान गुरुजींना तसं वाटलं. शेवंता तनूला घट्ट कवटाळून बघत होती. मग तिथे सपाट भिंत राहिली आणि खिडकीचा उजेड सगळ्या दालनात पसरला.

हजेरी एकोणीस झाली. आदेशाप्रमाणे जूनमध्ये शाळा बंद झाली. या एका बाबतीत कार्यवाही झपाट्यानं पार पडली.

समूह शाळाही हलतीच होती, पण मोठी. एकशे चाळीस मुलं, आठवीपर्यंत, म्हणून करंजघळची एकोणीसच्या एकोणीस तिथे मावली. त्यांच्यामागोमाग गुरुजींचीही बदली झाली. करंजघळच्या नोंदींतली एक ओळही नव्या इमारतीत जाऊ द्यायची नाही, हे त्यांनी स्वतः पुण्याला बसून बघितलं होतं. पोरं कोऱ्या पाटीनं दाखल झाली. पहिल्याच आठवड्यात वर्षश्राद्ध उरकल्याचं शेवंतानं सांगितलं, उशिरा का होईना. आता ती तनूला घेऊन बसनं येई आणि फाटकात गुरुजी भेटले की एकच विचारी, काल तनू जेवली का. तनूच्या दोन्ही वेण्या रोज घट्ट घातलेल्या असत.

पाचव्या दिवशी गुरुजींच्या ध्यानात आलं. करंजघळची पोरं दालनातून धावताना पूर्वेच्या खिडकीपाशी दोन बाजूंना फुटत होती आणि पुढे जाऊन परत एक होत होती. मधे काही नव्हतं. तिथून जाताना त्यांचे आवाज खाली येत. तनू हसत, बडबडत चालली होती. बडबडता बडबडता तिनं त्या मोकळ्या जागेशी दप्तर एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं, कोणाला लागू नये म्हणून घेतात तसं, आणि बडबडतच पुढे गेली. तिचं तिलाही कळलं नसावं.

इमारतीला कळलं. एकोणीस मुलं एका जागेला रोज वळसा घालतात, आणि मूल कधी चुकत नाही. सोमवारी सकाळी खिडकीखाली एक बैठक निघालेली होती, दहाव्या वर्षात पदार्पण केलेल्या मुलीच्या मापाची. गुरुजींच्या हातातल्या हजेरीच्या पाटीवर प्रश्न उमटला. इथे एक विद्यार्थी आहे. पटावर आढळत नाही. नाव काय?

गुरुजींनी खिडकीतून बाहेर बघितलं. फाटकाशी शेवंता तनूची वेणी पुन्हा नीट करत होती, आणि तनू त्रासल्याचं सोंग करत मान वाकडी करून उभी होती. प्रश्नाखालच्या दोन पर्यायांपैकी गुरुजींनी ‘कोणी नाही’ हा निवडला. हजेरीच्या बाबतीत या वेळी तरी आपण खरं लिहीत आहोत, असं त्यांना वाटलं. बैठक मिटली की ही गोष्ट संपली, आणि ती फाटकापर्यंत कधीच जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी आले. बैठक मिटलेली नव्हती. उलट तिच्यावरचा उजेड कालच्यापेक्षा मऊ होता, आणि दोन भिंती सरकून तिच्या बाजूंना येऊन उभ्या राहिल्या होत्या. पाटीवर एक नवीन शेरा होता. इमारतीनं तो गुरुजींच्या नावापुढे, अत्यंत अदबीनं, लिहिलेला होता:

‘शिक्षकांना विद्यार्थिनी अद्याप दिसलेली नाही. जागेत सुधारणा सुरू आहे.’